स्टॉकहोमचे कंट्रोलर

मानेकाका माझ्या गाडीत पहिल्यांदा बसले, तेव्हा सीटबेल्ट लावून झाल्यावर त्यांनी मागे वळून सगळी दारं नीट लागलीत का ते पाहिलं आणि डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली. मला वाटलं, त्यांना काही हवंय. "काय झालं काका?" "काही नाही ताई, डबल बेल दिली. आता सोडा गाडी." मागच्या सीटवर त्यांचा मुलगा संदीप खिडकीबाहेर बघायला लागला आणि नात ईरा म्हणाली, "आजोबा, यू आर सो एम्बॅरसिंग!" काकांवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. "बेल दिल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नसते," ते मला म्हणाले. "तुम्ही एरवी कुणाच्या सांगण्यावरून सोडता?" मी न्यू जर्सीत अठरा वर्षं गाडी चालवते आहे. हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता.

संदीप माझ्याच कंपनीत काम करतो आणि एडिसनला आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो. काका कराडचे. एसटीत आधी कंडक्टर आणि मग निवृत्त होईपर्यंत कराड स्टँडवर कंट्रोलर. जाळीच्या खिडकीमागे बसून 'सांगलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे' असं जो माणूस मायकवरून सांगतो, तो कंट्रोलर. पण काकांच्या मते ते सांगणं म्हणजे त्या कामातला सगळ्यात सोपा भाग. कोणती गाडी आधी सोडायची, ड्रायव्हर आला नाही तर कोणाला पाठवायचं, सणासुदीची गर्दी उसळली की जादा गाडी कुठून काढायची, हे खरं काम. "मायक काय, कुणीही फुंकेल. गर्दी बघून पोटात गोळा येता कामा नये, ते महत्त्वाचं." काकू गेल्यावर घरात एकटे कसे राहणार म्हणून संदीपने त्यांना इकडे आणलं होतं.

आता एडिसनमध्ये कंट्रोलरची गरज कोणाला? इथे घरटी दोन-तीन गाड्या. काका सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे राहत आणि ऑफिसला निघालेल्या गाड्या मोजत. "पाच शिटांच्या गाडीत एक माणूस. भारमान वीस टक्के. आमच्याकडं असली फेरी दुसऱ्या दिवशी बंद केली असती." मी म्हटलं, काका, इथे प्रत्येकाला स्वातंत्र्य लागतं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ते ज्याच्याकडं गाडी आहे त्याला. मला दूध आणायचं तर संदीपला मीटिंगमधून उठावं लागतं." मी विषय बदलला, कारण माझ्या सासूबाई आमच्याकडे सहा महिने राहून गेल्या तेव्हा त्यांनीही हेच म्हटलं होतं, फक्त इतक्या सरळ शब्दांत नाही.

मग तो बसचा प्रकार झाला. नवं गाव समजून घ्यायची काकांची एक पद्धत होती. मिळेल त्या बसमध्ये बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं. एका मंगळवारी ते ओक ट्री रोडवर साड्यांच्या दुकानांसमोर बसमध्ये चढले आणि पाच तास गायब झाले. फोन घरीच चार्जिंगला. संदीपने वेड्यासारखी चार गावं पालथी घातली, शेवटी पोलिसांना फोन केला. काका संध्याकाळी बसमधून उतरून चालत घरी आले तर दारात पोलिसांची गाडी. त्या दिवशी संदीप बापावर पहिल्यांदा ओरडला. काका म्हणाले, "मी हरवलो नव्हतो. तुम्हाला सापडत नव्हतो. दोन्हीत फरक आहे." तो फरक ऐकायच्या मनःस्थितीत घरात कोणी नव्हतं.

संदीप वाईट मुलगा नाही, हे मला ठासून सांगायचंय. घाबरलेला मुलगा आहे. आई गेली तेव्हा तो वेळेवर पोचू शकला नव्हता आणि ती भीती त्याच्या मनात घर करून बसली होती. त्याने काकांना एकट्याने बाहेर जायची बंदी केली. पुढे त्याने ज्येष्ठांच्या डे केअरचा फॉर्म भरला. सकाळी व्हॅन येते, घेऊन जाते, दुपारी जेवण, भजन, बिंगो, आणि चारला पुन्हा दारात सोडते. एडिसनमधल्या कितीतरी आजी-आजोबांना तिथे खरंच करमतं. पण काकांना ती व्हॅनच खटकली. "जन्मभर मी माणसं चढवली," ते मला एकदा कुंपणापाशी म्हणाले. "आता मला चढवणार, पट्टा लावणार आणि उतरवणार. पार्सलचं तेवढंच असतं." जुलैपासून डे केअर सुरू व्हायचं होतं. त्याआधी जूनमध्ये आम्ही सगळे क्रूझला निघालो होतो.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या मित्रमंडळींच्या सहली मी ठरवते. म्हणजे दुसऱ्या कोणाला ठरवू देत नाही. माझी एक्सेल शीट असते, तिला रंग असतात, पोटपानं असतात, आणि मागून माझी टिंगल होते हे मला ठाऊक आहे. त्या वर्षी बाल्टिक समुद्रातली क्रूझ होती. चार कुटुंबं, चौदा माणसं, आणि सहलीचा मुकुटमणी म्हणजे स्टॉकहोममधला एक दिवस. जहाजाच्या कंपनीची बससहल मला रटाळ वाटली, म्हणून मी आपली आपण एक व्हॅन ठरवली. या दोन्हींत एक बारीकसा फरक असतो. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण आपले फिरायला गेलो तर जहाज कोणाच्या बापासाठी थांबत नाही.

संदीपने ठरवलं होतं की स्टॉकहोमच्या दिवशी बाबा जहाजावरच थांबतील. परकं शहर, परकी भाषा, गर्दी. आदल्या संध्याकाळी काका डेकवर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "ताई, तुमच्या कागदावर चौदा नावं आहेत. त्यात माझं आहे का?" मी म्हटलं, आहे की. "मग मी चौदावा पॅसेंजर. रिझर्व्हेशन झालेल्या माणसाला खाली उतरवता येत नाही." मी संदीपशी भांडले. तो तयार झाला, पण एका अटीवर. जहाजाच्या खोलीचं कार्ड ठेवायला गळ्यात अडकवायचं एक पाकीट मिळतं, जहाजाचं नाव छापलेल्या निळ्या पट्ट्याचं. त्यात संदीपने मागच्या बाजूने एक चिठ्ठी घातली. 'हे गृहस्थ हरवलेले आढळल्यास कृपया या नंबरवर कळवावे,' असं इंग्रजीत. काकांनी ती वाचली, पाकीट उलटं केलं, चिठ्ठी छातीकडे वळवली आणि गळ्यात घातलं. मला फार वाईट वाटलं.

मोठी जहाजं स्टॉकहोम शहरात न लागता तासाभरावरच्या एका छोट्या बंदराला लागतात. सकाळी आमची व्हॅन यायला दहा मिनिटं उशीर झाला, तेवढ्यात काका ईराला घेऊन समोरच्या रेल्वे स्टेशनात गेले आणि खिशातल्या डायरीत काहीतरी उतरवून आले. संदीप वैतागला. "बाबा, आपली व्हॅन आहे ना? कशाला हवेत ट्रेनचे टाइम?" काका म्हणाले, "गावात शिरताना गावातून बाहेर पडायची गाडी बघून ठेवावी. मग दिवसभर गावात मन लागतं." मी हसले. माझ्याकडे रंगीत शीट होती.

काकांबरोबर स्टॉकहोम बघणं हा एक वेगळाच आनंद होता. पाण्यावर वसलेलं शहर, चौदा बेटं, पूल, पिवळ्या-केशरी भिंती, आणि जूनचं असं ऊन की कोणाची सावलीसुद्धा मरगळलेली दिसेना. काकांनी या सगळ्यावर एक नजर टाकून विचारलं, "एवढ्या बेटांवर माणसं सकाळी कामाला पोचतात कशी?" आणि मग बोटी, ट्राम, जमिनीखालच्या गाड्या कुठून कुठे जातात ते बघण्यातच ते दंग झाले. राजवाड्यासमोर पहारा बदलायचा सोहळा बघितला. बँड, घोडे, चकचकीत शिरस्त्राणं, पाऊण तास कवायत. काका शेवटपर्यंत सावधान उभे होते. "छान आहे," ते म्हणाले. "आमच्याकडं ड्यूटी बदलताना वहीत सही करायचे आणि किल्ल्या फेकायचे. घोडा कुणी दिला नाही."

मग ते बुडालेल्या जहाजाचं म्युझियम. शेकडो वर्षांपूर्वी राजाने मोठ्या थाटात बांधलेली लाकडी युद्धनौका, पहिल्याच सफरीवर निघाली आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. तिला वर काढून जशीच्या तशी उभी केली आहे. चार मजली घराएवढं ते काळं लाकूड बघायला आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. मार्गदर्शक सांगत होती की वर तोफा फार झाल्या आणि तळाशी वजन कमी पडलं. "टपावर भरली," काकांनी भाषांतराची वाट न बघता निदान केलं. "कुंभार्ली घाटात टपावर आंब्याच्या पेट्या जास्त झाल्या की गाडी अशीच वळणाला झुकते. निघायच्या आधी कुणाला दिसलं नसेल होय?" मी मार्गदर्शकाला विचारलं. ती म्हणाली, दिसलं होतं, बंदरातच चाचणी घेतली तेव्हा जहाज डुलायला लागलं होतं, पण राजाला सांगायची हिंमत कोणाला झाली नाही. काकांनी जहाजाच्या तळापासून टपापर्यंत नजर फिरवली. "कंट्रोलरनं गाडी सोडायला नको होती," ते म्हणाले. "राजा असला तरी."

जुन्या शहरातल्या गल्ल्या फिरून, एका बाकावर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दशम्या खाऊन, शीटप्रमाणे बरोबर तीन वाजता आम्ही ठरलेल्या चौकात उभे राहिलो. व्हॅन नव्हती. सव्वातीन झाले, तरी नव्हती. जहाजावर साडेपाचच्या आत चढायचं होतं. मी ड्रायव्हरला फोन लावला. तो दुसऱ्याच गावात होता आणि अतिशय नम्रपणे म्हणाला की मॅडम, मी रात्री नऊला येतोय, तुम्हीच तसं कळवलंय. मी म्हटलं, शक्यच नाही. त्याने मी पाठवलेलं कॅलेंडरचं आमंत्रण वाचून दाखवलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. परतीच्या व्हॅनचं आमंत्रण मी एडिसनला माझ्या स्वयंपाकघरात बसून केलं होतं, दुपारी तीन. कॅलेंडरने ते न्यू जर्सीचे तीन धरले आणि स्वीडनमध्ये त्याचे नऊ करून दिले. सकाळच्या व्हॅनचं साध्या मेसेजवर ठरलं होतं, म्हणून ती आली. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईने टाइम झोन तपासला नव्हता.

पुढची पाच मिनिटं मला आठवायलाही नको वाटतात. शहरात कसलीशी धावण्याची शर्यत होती, निम्मे रस्ते बंद. टॅक्सीच्या अ‍ॅपवर पन्नास मिनिटं थांबा, तेही एका गाडीसाठी, आम्हाला चार हव्या होत्या. सगळ्यांचे पासपोर्ट जहाजाच्या तिजोऱ्यांत. आठ जणांनी आठ फोन काढले आणि आठ वेगवेगळे रस्ते सांगायला सुरुवात केली. ईराला रडू फुटलं. संदीप मला म्हणाला, "वर्षा, तू चेक नाही केलंस?" चौदा माणसं माझ्या भरवशावर त्या चौकात उभी होती आणि मला काहीही सुचत नव्हतं.

"तीन सत्तेचाळीस," काका म्हणाले. त्यांच्या हातात डायरी होती. "गाडी मोठ्या स्टेशनातून सुटते. चालत बारा मिनिटं, तो पूल ओलांडून सरळ, मघाशी पाटी बघितली मी. ती चुकली तर पुढची तासानं, आणि मग जहाज मिळत नाही." कोणी हललं नाही. सगळे संदीपकडे बघत होते आणि संदीप फोनकडे. तेव्हा काकांनी आवाज चढवला. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मायकशिवाय पूर्ण स्टँडला ऐकू जाणारा. "फोन खिशात! दोन-दोनची जोडी करा. ईरा पुढं माझ्याबरोबर. संदीप, तू सगळ्यात मागं, तुझ्या मागं कुणी राहता कामा नये. चला!" आणि बेचाळीस वर्षांचा, डायरेक्टर हुद्द्याचा संदीप निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

आम्ही चाललो कसले, धावलोच. स्टेशनच्या गेटला क्रेडिट कार्ड टेकवत एकेक आत गेलो. खाली जाणारे सरकते जिने संपता संपेनात. प्रत्येक वळणावर काका थांबून मोजत, "बारा, तेरा, मी चौदा." तीन सत्तेचाळीसच्या गाडीत आम्ही तीन शेहेचाळीसला चढलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "टाळ्या पोचल्यावर. आणि इथं तिकीट बघायला कुणीच कसं येत नाही?"

टाळ्यांची खरंच घाई झाली होती. निम्म्या वाटेवर एका स्टेशनात गाडी थांबली, काहीतरी स्वीडिशमध्ये सांगितलं गेलं आणि सगळे उतरायला लागले. पुढे रुळांचं काम चालू होतं. तिथून बंदरापर्यंत बदली बस. काकांनी कपाळावर हात मारला. "सकाळी स्टेशनात एक पिवळा कागद लावला होता. मी तो कुणाकडून वाचून घ्यायला हवा होता. चूक झाली." बाहेर आलो तर स्टेशनासमोर शंभर-दीडशे माणसं, दोन बसगाड्या, आणि पिवळं जाकीट घातलेली एक वीस-बावीस वर्षांची मुलगी. तिला एका वेळी दहा जण प्रश्न विचारत होते. आमच्याच जहाजावरची बरीच मंडळी त्यात होती. वॉकर घेतलेल्या बायकोला सांभाळत एक अमेरिकन म्हातारा केविलवाणा उभा होता. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी काकांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणावं की नाही मला माहीत नाही, पण पाठ ताठ झाली होती. कसलीही घाई न करता ते गर्दीतून थेट त्या मुलीजवळ गेले आणि तिच्या बाजूला, गर्दीकडे तोंड करून उभे राहिले. "ताई," ते मला म्हणाले, "हिला विचारा, दोन्ही गाड्या सगळीकडं थांबणार का?" मी विचारलं. ती म्हणाली, हो, सगळ्या स्टेशनांवर, सव्वा तास लागेल. "सव्वा तास म्हणजे जहाज गेलं." मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि कराड स्टँडच्या इंग्रजीत गर्जना केली, "शिप पॅसेंजर! धिस साइड! अदर पॅसेंजर, दॅट साइड! नो पुशिंग!" आणि नवल म्हणजे ती गर्दी दुभंगली. जर्मन, अमेरिकन, स्पॅनिश, सगळे मुकाट्याने आपापल्या बाजूला झाले.

काकांनी जहाजवाल्यांची रांग बोटाने मोजली. "त्रेपन्न. उभ्यानं धरून एका गाडीत बसतात. हिला सांगा, ही गाडी विनाथांबा सोड. मधे उतरणारा यात एकही माणूस नाही, मग मधे थांबून काय करायचं? मागची गाडी सगळे थांबे घेईल." मी जमेल तसं भाषांतर केलं. त्या मुलीने काकांच्या गळ्यातल्या निळ्या पट्ट्याकडे बघितलं. त्यावर जहाजाचं नाव होतं. "तुम्ही जहाजाचे अधिकारी आहात का?" तिने विचारलं. हरवल्यास कळवावे ही चिठ्ठी आतल्या बाजूला, त्यांच्या शर्टाला चिकटलेली. मी काकांना प्रश्न सांगितला. काका म्हणाले, "खोटं बोलू नका. सांगा, मी कंट्रोलर आहे." मी तेच सांगितलं. तिने वॉकीटॉकीवर तिच्या कंट्रोल रूमला विचारलं, तिकडून काहीतरी उत्तर आलं, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. गाडी थेट बंदराला सोडायला परवानगी मिळाली होती.

वॉकरवाल्या बाईंना काकांनी स्वतः हाताला धरून पहिल्या सीटवर बसवलं. लहान मुलं मांडीवर, बॅगा पायाशी, उभे राहणारे मागून पुढे. सगळ्यात शेवटी ते चढले. संदीप उठला, "बाबा, बसा ना." काका दाराशी दांडा धरून उभे होते. "ड्यूटीवर आहे," ते म्हणाले. संदीप खाली बसला, पण त्याने त्यांच्यावरची नजर काढली नाही. अख्खा रस्ता तो खिडकीबाहेर न बघता बापाकडे बघत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पाच वाजून एकोणीस मिनिटांनी बस बंदरात शिरली. धक्क्यावर जहाजाची माणसं हातवारे करत होती. एकेकाला उतरवून काका मोजत होते, त्रेपन्नपर्यंत. तो अमेरिकन म्हातारा उतरला आणि त्याने काकांचा हात दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ हलवला. मग मात्र टाळ्या पडल्या, सगळ्यांच्या, बसच्या ड्रायव्हरच्यासुद्धा. ईरा त्यांच्या दंडाला लटकून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "दॅट्स माय आजोबा!" मी जिन्यापाशी उभी राहून सरळ रडले. माझी चूक त्यांनी निस्तरली म्हणून, आणि या माणसाला आम्ही दूध आणायलाही एकटं सोडत नव्हतो म्हणून. जेवताना मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "वेळापत्रक चुकतं ताई. माणसं चुकायला नकोत."

एडिसनला परतल्यावर संदीपने डे केअरचा फॉर्म रद्द केला. मला हे काकांनी नाही, त्यानेच सांगितलं. "ते माझी काळजी घेत होते, गं," तो म्हणाला, "आणि मला वाटत होतं मी त्यांची घेतोय." त्याने त्यांना बसचा ज्येष्ठांचा पास काढून दिला. काकांनी महिनाभरात सगळ्या बसगाड्या पालथ्या घातल्या आणि मोठ्या मराठी अक्षरांत एक वेळापत्रक लिहिलं. मग आमच्या भागातल्या आजी-आजोबांची 'गुरुवारची फेरी' सुरू झाली. कधी समुद्रकिनारा, कधी न्यूयॉर्क, कधी नुसतंच शेवटच्या थांब्यापर्यंत. जी माणसं मुलाच्या गाडीशिवाय कोपऱ्यापर्यंतही गेली नव्हती, ती आता जेवणाच्या टेबलावर मुलांना सांगायला लागली की उद्या आमची वाट बघू नका. डे केअरला जाणाऱ्या दोन आज्यांनी गुरुवारी तिथून सुट्टी घेतली.

दिवाळीआधी काकांनी कराडला परत जायचं ठरवलं. कोणावर रुसून नाही. "तब्येत चांगली आहे, तोवर माझं घर मी चालवतो. पुढच्या उन्हाळ्यात येतो." संदीपने एका शब्दाने अडवलं नाही. नेवार्क विमानतळावर त्यांना सोडायला मीही गेले होते. काउंटरच्या बाजूला व्हीलचेअरची लांब रांग लागली होती. त्यांत बसलेले बहुतेक आपलेच आई-वडील, धडधाकट, घरी दोन जिने चढणारे. पाय चालत नाहीत म्हणून नाही, तर वाटेत विमान बदलताना भाषा कळणार नाही, चुकतील, म्हणून मुलं व्हीलचेअर सांगून ठेवतात. आम्हीही सासूबाईंना तसंच पाठवलं होतं.

काउंटरवरच्या बाईने काकांचा पासपोर्ट बघितला, त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि संदीपला विचारलं, "फ्रँकफर्टला विमान बदलायचंय. मोठा विमानतळ आहे. यांना मदतीला कोणी माणूस देऊ का?" काका त्या वेळी वर टांगलेला विमानांच्या वेळांचा फलक वाचण्यात गढून गेले होते. संदीप त्यांच्याकडे बघून हसला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "नको. पण फ्रँकफर्टला तुमच्या लोकांची काही अडचण झाली, तर त्यांना म्हणावं, बाबांना विचारा."